न झिजलेला गोळा

माझ्या हातून जेवढे गाढवपणे झाले त्यातला सगळ्यात मोठा आधी सांगते, म्हंजे तुम्हाला कळेल समोर कोण बसलीय ती. माझ्या सासूचा खुबा मोडला होता आणि मी तिला ढोंगी बोलली, वर काखेत हात घालून ओढून उभी केली. लिहा, तसंच लिहा, गुळगुळीत करू नका. त्याच्यावर मागून ती मला एक वाक्य बोलली, ते मी शेवटाला सांगेन, आत्ता सांगितलं तर पुढचं काय बोलणं व्हायचं नाय माझ्याच्यानं.

माझं माहेर वरंधच्या बाजूला, सासर हे इथं, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, तेवीस घरांची वाडी, त्यातली अकरा आता कुलपात. नाव भागीरथी, सगळे भागी बोलायचे, आता आजी बोलतात. वय विचारू नका, आधारकार्डावर एक जानेवारी हाय, आमच्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एक जानेवारीलाच जन्मल्या, सरकारनं आमची सगळ्यांची एकच सुईण धरलीय. सत्तरीच्या पुढं किती ते देव जाणे. सडकेपासून वाडीपर्यंत दगडी पाखाडी हाय, एकशे बारा पायऱ्या, मी मोजल्यात, आधी नव्हत्या मोजल्या, ह्या वर्षी मोजल्या. का मोजल्या ते येईल पुढं.

तर तेव्हाची भागी. काय सांगू तुम्हाला, विशीतली बाय, नाकात चमकी नव्हती पण नाकावर तोरा असा की घाटातली गाडी वळण विसरावी. सगळं हिला कळायचं. भात कुणाचं पिकणार, कोण कुणाच्या पडवीत बसतो, कोण खरं आजारी नि कोण खोटं, सगळं. आमच्यात लावणीला माणसाला माणूस द्यावं लागतं. आज तुमच्या घरच्या दोन बाया आमच्या खाचरात, उद्या आमच्या दोन तुमच्या. पैशानं भागत नाय, बाईच्या बदल्यात बाईच. आमच्या घरात बाया दोनच, मी आणि आत्या. सासूला मी आत्या बोलायची. आत्या बसली की तिच्या वाटणीचं कोण करणार, मी. दुसऱ्यांच्या खाचरात दुप्पट दिवस कोण वाकणार, मी. आणि आत्या पण काय साधी बाय नव्हती हो, आदल्या वर्षी लावणीच्या तिसऱ्याच दिवशी पोटात कळ आली म्हणून घरी राहिली, मी चिखलाची कंबर धरून संध्याकाळी आली तर हिनं सुकटीची चटणी नि दोन भाकऱ्या खाऊन भांडं घासून पालथं घातलेलं. वास कुठं पालथा घालणार. तो वास मी वर्षभर ध्यानात ठेवला.

मग त्या वर्षी आवण, म्हंजे भाताची रोपं, काढून डोक्यावर मुठींचा भारा घेऊन आत्या बांधावरनं येत होती, बांध निसरडा, ती पडली. पडली ती बांधाला टेकून तशीच बसली. बोलते, भागे मला उठता येत नाय. आणि ही शहाणी चार बायांच्या देखत कमरेवर हात ठेवून बोलते, काय गो आत्या, औंदा पोटातली कळ खाली उतरली वाटतं. बाया हसल्या. बाया हसल्या की भागीला आणखी चेव. गेली, मागनं काखेत हात घातले, आणि ओढून उभी केली. ती ओरडली ते मी अजून ऐकते. आणि तिचं पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं मी बघितलं, बिजागरी निखळलेलं दार जसं आपोआप उघडं पडतं तसं, आणि तो पाय दुसऱ्याहून दोन बोटं तोकडा. बघितलं, आणि बघितलं नाय असं केलं. चिखलात पाय वाकडा दिसतो, असं मनाशी बोलली. एवढी हुशार.

आमचे हे तेव्हा मुंबईला गोदीत. हाडवैद्य आला, त्यानं बांबूच्या कामट्या नि पाला बांधला. महाडला एकाला दाखवलं तर तो बोलला मुंबईला न्या. लावणी टाकून मुंबईला कोण नेणार. मग भात गेलं, नाचणी आली, मग कोणी विषयच काढला नाय. अकरा महिने ती मधल्या घरात खाटेवर होती. पाठ सडली, मग छाती भरली, मग गेली. वाडी बोलली, म्हातारी पडली नि म्हातारपणानं गेली. म्हातारपण कसलं, माझ्या आजच्या वयाहून पंधरा वर्षं तरी लहान असेल.

आता माझं ऐका. प्रकाश माझा एकुलता, मुंबईला कंपनीत, आणि सून सुनंदा इथं माझ्याजवळ. प्रकाश तीन वर्षं मागं लागलेला, आई घरात लादी घालतो. मी घालू दिली नाय. बोलली, लादीवर माणूस घसरतो रे, शेणाची जमीन पाय धरून ठेवते. तर पौषात एका सकाळी मी माझ्या हातानं ओटी सारवली, छान बोटं ओढली, मागं सरकत सरकत आली, उठली, आणि माझ्याच सारवणावर पाय घालून धाडकन पडली. जमिनीनं पाय धरला नाय, कंबर धरली. देव आपल्याला आपलंच बोलणं जेवायला वाढतो.

पडल्यावर पहिलं काय केलं असेल, पावलाकडं बघितलं. उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला पडलेलं. पाय तोकडा. मला एक्सऱ्याची गरजच नव्हती, मी तो पाय पन्नास वर्षांपूर्वी चिखलात बघितलेला. मी तशीच पडून बोलली, ये गो बाय, आलीस.

आमचे तुकाराम भावजी, माझे चुलत दीर, हे आमच्या वाडीचे मालिशवाले. कुणाचा हात लचकू दे नि कुणाचा बैल, भावजींचं तेल एकच. आले बाटली घेऊन. बोलतात, वहिनी शीर चढलीय, एकदा झटका दिला की बसेल. माझे हात शेणाचेच होते, मी हात वर केला, बोलली, भावजी एक बोट लावलंत तर हा हात तुमच्या मिशीला पुसेन. मागं झाले. मग दुसरं कोण बोलतं लचक हाय, तिसरं बोलतं रात्रभर हळद लावून बघू. सुनंदा रडायला लागली. मी ओरडली, अगो रडू नको, फोन कर, जीप सांग, आणि मला उचलायला शिडी आणा, तिच्यावर गादी टाका. प्लास्टिकची खुर्ची आणलेली त्यांनी, खुर्चीत बसवून एकशे बारा पायऱ्या खाली न्यायला निघालेले, मोडलेला खुबा घडी घालून. मी खुर्चीला लाथ मारली असती, पण लाथ मारायला पाय कुठं होता.

शिडी बोलल्याबरोबर भावजी कानाशी येऊन बोलतात, वहिनी, शिडीवरनं नेलं तर तिरडीसारखं दिसेल. मी बोलली, दिसू दे, मी आतून बोलत राहीन म्हंजे लोकांना फरक कळेल. चौघांनी खांद्यावर घेतली, आणि पाखाडीभर मी शिव्या देत गेली, ह्याला सांग खांदा खाली घे, त्याला सांग पाय बघून टाक. खालच्या आळीतली एक बाय हात जोडून उभी राहिली होती, मी मान वर केली तशी ती तुळशीमागं पळाली.

दवाखाना महाडचा, नाव कशाला पाहिजे. तिथं माझा खरा राग सुरू झाला तो बघा. मला बाहेर ट्रॉलीवर ठेवलेली आणि आत माझा विचार चाललेला. प्रकाश मुंबईहून आलेला, भावकीतले दोन जण, सगळे हळू आवाजात, पण माझा खुबा मोडलेला, कान नाय. एक बोलतो वय झालंय, भूल सोसेल काय. दुसरा बोलतो कापाकापी कशाला, आता किती दिवस राहिलेत, सुखानं पडून राहू दे. सुखानं पडून. मला तिथं असा संताप आला की दुखायचं थांबलं. पडून राहण्यात सुख असतं असं ज्याला वाटतं त्याला एकदा अकरा महिने पाडून ठेवा. मी ट्रॉलीच्या लोखंडावर बांगड्या आपटल्या, आतले सगळे बाहेर आले, मी बोलली, अंगठा माझा, मी लावते, कागद आणा. डॉक्टर तरुण माणूस, तो हसला. मी बोलली, हसू नका, मला सांगा काय करणार.

तो बोलला, आजी, मांडीच्या हाडाची मान तुटलीय, वरचा गोळा सुटा झालाय, ह्या वयात स्क्रू मारून तो जुळेल याचा भरवसा नाही, म्हणून गोळा काढून धातूचा बसवू, अर्धा सांधा बदलायचा. मी बोलली, अर्धा का. गरीब बघून अर्धा काय, बदलायचा तर अख्खा बदला. तो बोलला, तुमची वाटी चांगली आहे, ज्यात गोळा फिरतो ती. मी विचार केला. बोलली, म्हंजे उखळ शाबूत हाय, मुसळाचं तोंड गेलंय. तो बोलला, अगदी बरोबर, आजपासून मी सगळ्यांना असंच सांगणार. आणि मग तो खरं पण बोलला, ते मला आवडलं. बोलला, आजी, मी गोळा बसवून देईन, चालवून देणार नाही. ते तुमचं आणि घरच्यांचं काम. काही जण काठीवर चालतात, काही जण घरातल्या घरात राहतात, काही जण उठतच नाहीत, आणि त्यातले बरेच वर्षभरात जातात. पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही. प्रकाशला वाटलं डॉक्टर घाबरवतो. मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिला माणूस सरळ बोलला.

दुसऱ्या दिवशी केलं. पाठीत सुई दिली, कमरेखाली काय माझं राहिलं नाय, पण कान होतेच. आत अशी ठोकाठोक, सुतार चौकट बसवतो तशी. मी पडद्यामागनं विचारलं, खुंटी बसली काय. कोणीतरी बोललं, बसली आजी. मग मी झोपली.

आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक पोरगी आली, रेश्मा नावाची, व्यायामवाली, ती बोलते आजी उठायचं. मी बोलली काल कापलंय गो मला. ती बोलली म्हणूनच. दोन हातांत वॉकर दिला आणि उभी केली. टाके ओढत होते, डोळ्यांपुढं अंधार आला, मी तिच्या अख्ख्या खानदानाला शिव्या दिल्या, तिनं उलट विचारून घेतलं कुठल्या गावची शिवी हाय म्हणून. चार पावलं चालवली. मग नेम सांगितले. दोन पायांत उशी ठेवून झोपायचं, मांडीवर मांडी टाकायची नाय, खाली जमिनीवर बसायचं नाय, उकिडवं तर बिलकूल नाय, गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, नायतर गोळा वाटीतनं निसटतो. मी बोलली, अगो आम्ही जन्मभर उकिडव्या, आवण उकिडवं, भांडी उकिडवं, चूल उकिडवं, परसाकडला तर उकिडवंच. ती बोलली, आता राणीसारखं खुर्चीत बसायचं आजी. तिला वाटलं मला बरं वाटेल.

बाजूच्या खाटेवर पार्वताबाय होती, माझ्या माहेराकडची, वरंधच्या अलीकडच्या गावची. तिचं ऑपरेशन माझ्या दोन दिवस आधी झालेलं. तोच डॉक्टर, तोच गोळा, उजवाच पाय. आमची लगेच गट्टी. तिला रेश्मा उठवायला आली की तिचे मुलगे आडवे. मोठा बोलायचा, मॅडम आज राहू दे, आईला त्रास होतोय. गुणी मुलं हो, तिच्या तोंडात सफरचंद कापून घालायची. मला तिचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं बघा कशी जपतात, आणि माझी सुनंदा मला ढोसून उठवते.

आठ दिवसांनी आम्ही दोघी घरी गेलो, ती तिकडं, मी इकडं. मी परत शिडीवरनं, ह्या वेळी वर.

आणि घरी आल्यावर काय झालं ते ऐका, इथं म्हातारीच्या गाढवपणाचा दुसरा अध्याय हाय. प्रकाश चार दिवस राहिला, जाताना सुनंदाला बजावून गेला, आईला उठू द्यायचं नाय, सगळं जागेवर. कमोडची खुर्ची आणली, खाटेला टेकून ठेवली. चहा जागेवर, पेज जागेवर, तेल जागेवर. आणि मी, जी ट्रॉलीवर बांगड्या आपटत होती ती मी, चार दिवसांत अशी सोकावली की काय सांगू. वॉकर भिंतीला लावलेला, त्याच्यावर सुनंदानं टॉवेल वाळत घातला. उठायचं बोललं की मांडीत चमक यायची, भीती वाटायची, निसटला तर, परत पडली तर. मी बोलायची आज नको गो, उद्या. दीड-दोन महिने उद्या. मायेनं माणूस पाडून ठेवता येतो, शिवी देऊन उभा करता येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हंजे ठाऊक होतं, पण विसरली होती.

पार्वताबायला मी फोन करायची. पहिल्यांदा ती बोलायची, बरी हाय, पडून हाय. मग तिची सून बोलायची, झोपल्यात. मग एकदा ती स्वतः बोलली, भागीरथी, माझ्या पाठीला आग होते गो, फिरवत नायत. मी बोलली ऊठ की मग. ती बोलली, उठवत नायत. चैत्रात तिचा मोठा मुलगा इथं आला, आमच्या पुढच्या वाडीत त्याची मेहुणी दिलीय. आई गेली बोलला. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ झाला. रडला बिचारा, बोलला, आम्ही काय कमी केलं नाय आजी, एक दिवस जमिनीला पाय लावू दिला नाय. मग खिशातनं रुमाल काढला, उघडला. आत गोळा. तिसऱ्या दिवशी राख सावडताना सापडला, टाकवला नाय, ठेवला. जरा काळवंडलेला, पण धड, गोल, खालती खुंटी तशीच. मी हातात घेतला. माझ्या आत पण असाच हाय. फिरवून फिरवून बघितला, एक ओरखडा नाय. झिजला कसा असेल, वापरलाच नाय तर.

मला असा राग आला की तो मुलगा समोर रडत असताना मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. मग वाटलं, आपल्या मारावी. मारायची तर पन्नास वर्षांपूर्वीच्या भागीपासून सुरुवात करावी नि ओळीनं इथवर यावी. डॉक्टरनं हाड कापलं, ठोकलं, शिवलं, आणि घरच्यांनी एवढा महाग जिन्नस फडक्यात गुंडाळल्यासारखा खाटेवर ठेवला. गाय बसली तर आमच्या वाडीतले सहा बाप्ये शेपटी धरून तिला उठवतात, दिवसातनं चार वेळा, का तर बसलेली गाय मरते हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय. बाईचं कुणाला ठाऊक नाय.

तो गेला तशी मी सुनंदाला जवळ बसवली आणि आत्याचं सगळं सांगितलं. बांधावरचं, बाया हसल्या ते, पाऊल बघून न बघितल्याचं, आणि शेवटाला आत्या जे बोलली ते. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, ह्यांना पण नाय. सुनंदा उठली, वॉकरवरचा टॉवेल काढला, बाहेर दोरीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाक मारली, सुनंदा चहा. चुलीपासनं आवाज, चहा इथं हाय आई, गरम हाय तोवर या. मी वाट बघितली. चहा आला नाय. मी तिला मनात भवानी बोलली, मग तोंडानं पण बोलली. तरी नाय. शेवटी उठली, वॉकर धरला, मधल्या घरातनं चुलीपर्यंत जायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तो चहा थंड झाला, वर साय धरली. सुनंदानं तो मोरीत ओतला, नवीन ठेवला, बोलली बसा, उंच स्टुलावर बसा. तिथपासनं आमची रोज भांडणं. दुपारी ओटी, संध्याकाळी अंगण, मग वॉकर गेला नि काठी आली, मग तुळशीला तीन फेऱ्या. मी रडायची, ती नाय रडायची. वाडीतल्या बाया माझ्याकडं येऊन बोलायच्या, काय गो तुझी सून, म्हातारीला राबवते. मी बोलायची, हो ना, नशीब माझं.

तेवढ्यात प्रकाशचा फोन. तळीयेत डोंगर खाली आला तेव्हापासनं आमच्या वाडीला पण पावसाळ्यात सांगावा येतो, जोर धरला की सगळ्यांनी खाली शाळेत यायचं. प्रकाश बोलला, आई, तसा सांगावा आला तर तुला कोण उचलणार, वाडीत राहिलेत कोण, सगळे साठीच्या पुढचे. मी वैशाखात येतो, घराला कुलूप लावू, तू मुंबईला चल, लिफ्ट हाय, कमोड हाय, खाली पाय ठेवायला नको. बघा, परत तेच. खाली पाय ठेवायला नको. पण त्याचं चूक नव्हतं, खांदेकरी कुठनं आणायचे. मी बोलली, मी माझ्या पायानं सडकेपर्यंत उतरली तर. तो बोलला, स्वतःच्या पायानं उतरलीस तर मी विषय काढणार नाय. पण माझ्या डोळ्यांसमोर.

मग पायऱ्या मोजायला लागलो. रेश्माला सुनंदानं फोन लावला, तिनं सांगितलं, वर चढताना चांगला पाय आधी, खाली उतरताना दुखरा पाय आधी, त्याच्याबरोबर काठी. चांगला देवाघरी, वाईट पाताळात, असं ध्यानात ठेवा आजी. पहिल्या दिवशी पाच पायऱ्या. मग बारा. चाळिसाव्या पायरीला फणसाचं झाड हाय, तिथं सुनंदानं लाकडी स्टूल नेऊन ठेवला, उंच, तिथं बसून मी जाणाऱ्या येणाऱ्याला नावं ठेवायची. सत्तरावर पाखाडी मोडलीय, दोन पायऱ्या नायतच, दगड हलतो, तिथं मला तीन वेळा परत फिरावं लागलं. ग्रामपंचायतीला सांगून सांगून जीभ झिजली, गोळ्याआधी.

प्रकाश आला वैशाखाच्या शेवटाला. सकाळी निघालो. पुढं सुनंदा, पाठ वळवून, माझ्याकडं न बघता. मी काठी घेऊन, दुखरा खाली, चांगला खाली, दुखरा खाली. मागनं प्रकाश. आणि प्रकाशच्या मागनं तुकाराम भावजी, डोक्यावर ती लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन. मी विचारलं हे काय. भावजी बोलतात, असू दे वहिनी, लागली तर. मी बोलली, खुर्ची खाली आली तर मी वर गेली समजा. तरी आणलीच. सत्तराव्या पायरीला दगड हलला. माझी काठी घसरली, प्रकाशचा हात काखेत आला. काखेत हात, मागनं, मला सगळं तिथंच आठवलं. मी बोलली, सोड. तो सोडेना. मी बोलली, प्रकाश सोड रे, ओढू नको, मी उभी हाय. त्यानं सोडलं. मी उभी होती. पाखाडीच्या कडेच्या बांधाला हात लावला, बसून घ्यावं असं वाटलं, खाली बसता येत नाय म्हणून बसली नाय, बघा तो नेम असा कामी आला. मग दुखरा पाय खाली ठेवला.

सडकेला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. तिथं भावजींनी खुर्ची मांडली आणि दमून स्वतःच तिच्यात बसले. मी उभीच राहिली, मुद्दाम, एक जीप, एक दूधवाला नि दोन मोटारसायकली जाईपर्यंत, सगळ्यांनी बघावं म्हणून. प्रकाश रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून नाक पुसत होता.

जिंकली म्हणू नका. वर जाताना शेवटल्या तीस पायऱ्या सुनंदाचा हात धरावा लागला. पाय आजपण हवा बदलली की ठणकतो, मांडीत खोल. लावणीला ह्या वर्षी मी गेली नाय, पुढं कधी जाणार नाय, माझी मूठ आता दुसरी बाय काढते. भुईवर बसून चार जणींत वाल सोलायची मजा गेली, मी वर स्टुलावर, त्या खाली, त्यांच्या गोष्टी माझ्यापर्यंत अर्ध्याच येतात. कोण पाया पडायला आलं की मला वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवता येत नाय, डोक्यावर टेकवते लांबनं. अर्धं परत आलं, अर्धं गेलं, डॉक्टरनं सांगितलेलंच. पण आषाढात दोनदा सांगावा आला, दोन्ही वेळा मी उजेडातच काठी घेऊन निघाली आणि शाळेत तुकाराम भावजींच्या आधी पोचली. ते गुडघ्यांनी रडत मागनं आले. मी बोलली, भावजी, शीर चढलीय काय.

राग गेला काय विचारता. नाय गेला. राग नसता तर मी त्या खाटेवरच असती, सडलेली पाठ घेऊन. ज्यांच्या घरात म्हातारी पडलीय त्यांना माझं सांगा, लाड करू नका, उठवा, ती शिव्या देईल, शिव्या खा. देव तुमच्या पोराबाळांना सुखी ठेवो, आणि तुमच्या म्हाताऱ्यांना चालती ठेवो, एवढाच माझा आशीर्वाद, माझ्याकडं दुसरा नाय.

आता ते आत्याचं. पुढची लावणी आलेली, अकरावा महिना. मी खाचरातनं आली, पाय धुतले, पेजेची वाटी घेऊन खाटेशी गेली. तिनं पेज घेतली नाय. बाहेर पाऊस, दारातनं खाचरं दिसत होती, बाया रांगेत वाकलेल्या, ती तिकडं बघत होती. मला वाटलं आता शिवी देईल, वर्षभर वाट बघत होती मी त्या शिवीची. ती रागानं बोलली काय मायेनं बोलली, मला आजपण ठरवता येत नाय. माझ्याकडं न बघता बोलली,

गो भागे, त्या दिवशी बांधावर तू मला ओढून उभी केलीस, त्याच्यामागनं मला कोणी उभी केली नाय.